अर्ज मागे घेण्याआधी खर्चाचं बोलून घ्या

काकांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. "ताई, अर्ज तर मी मागे घेतला. मग हे पैसे कसले मागतायत?"

लंडनजवळच्या एका गावात पस्तीस वर्षं काढलेले हे गृहस्थ. तिथल्या मंडळाचे खजिनदार होते. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब लांबला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, पैसे कुठे गेले ते खजिनदारांच्या नव्या गाडीला विचारा. दीडशे माणसांनी ते वाचलं. काकांची झोप उडाली, काकूंनी मंडळात जाणं सोडलं. शेवटी काकांनी वकील न देता, स्वतःच कागद करून, हायकोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. समोरच्याने सॉलिसिटर दिला आणि कैफियत दाखल केली. ती वाचून काकांना वाटलं, यात काही दम नाही. मोठी सुनावणी कशाला, आत्ताच निकाल मागू. म्हणून त्यांनी समरी जजमेंटचा अर्ज टाकला. सुनावणीच्या आठवडाभर आधी समोरच्याचं लेखी निवेदन आलं, त्याला मंडळाच्या बँकखात्याची पानं जोडलेली. त्यात दोन नोंदी अशा होत्या की त्यांचा खुलासा काकांकडे होता, पण तो साक्षीत, उलटतपासणीला उभं राहूनच द्यावा लागला असता. हा अर्ज टिकणार नाही हे काकांच्या ध्यानात आलं. सुनावणीला दोन दिवस असताना त्यांनी कोर्टाला ईमेल केला: मी माझा अर्ज मागे घेत आहे. बस, एवढंच.

आठ दिवसांनी हुकूम हातात पडला. अर्ज मागे घेतल्याची नोंद, आणि खाली एक ओळ: अर्जाचा समोरच्या बाजूचा खर्च अर्जदाराने १४ दिवसांत द्यावा. आकडा चार नव्हे, पाच अंकी पौंडांचा.

काका भाबडे नव्हते. साताऱ्याला भावाबरोबर वाटणीचा दावा त्यांनी वीस वर्षं चालवला होता. तिथे एखादा अर्ज चालवायचा नसला की वकील एक पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देतो, न्यायाधीश त्यावर शेरा मारतात, रोजनाम्यात नोंद होते आणि पुढची तारीख पडते. खर्चाचा हुकूम झालाच तर पाचशे-हजार रुपयांचा. हीच सवय घेऊन ते लंडनच्या कोर्टात गेले. मी स्वतः पुण्याला शिवाजीनगरच्या कोर्टात काही वर्षं ज्युनिअर होते आणि आता इंग्लंडमध्ये वकिलांच्या खर्चाची बिलं करते, समोरच्यांची तपासते. या दोन्ही कोर्टांचे कागद मी हाताळले आहेत, म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना कळकळीने सांगते आहे: इथे अर्ज टाकणं हे जसं पैशाचं पाऊल आहे, तसंच अर्ज मागे घेणं हेही पैशाचं पाऊल आहे. ते उचलण्याआधी खर्चाचं बोलून घ्या. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.)

आधी समरी जजमेंट म्हणजे काय ते. दावा किंवा बचाव इतका पोकळ आहे की साक्षीपुरावा घेऊन पूर्ण सुनावणी करण्यात अर्थच नाही, असं कोर्टाला पटवून आधीच निकाल मागायचा. इंग्लंडच्या दिवाणी नियमांच्या २४व्या भागात ही सोय आहे. वादी मागू शकतो, प्रतिवादीही मागू शकतो. कसोटी दुहेरी: समोरच्याला जिंकण्याची खरीखुरी आशा नसली पाहिजे, आणि पूर्ण सुनावणी घ्यावी असं दुसरं सबळ कारणही नसलं पाहिजे. आशा थोडी असली तरी पुरते, फक्त ती हवेतली नसावी. आणि या टप्प्यावर न्यायाधीश छोटा खटला चालवत बसत नाहीत. कोण खरं बोलतंय ते कागदांवरून ठरवायचं नाही, असा त्यांना दंडकच आहे.

आता हे अब्रुनुकसानीला लावून पाहा. २०१३ च्या डिफेमेशन ॲक्टप्रमाणे वादीला आधी दाखवावं लागतं की त्या मजकुराने त्याच्या नावाला गंभीर हानी पोचली किंवा पोचेल. २०१९ मध्ये लाशो यांच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही हानी नुसती शब्दांवरून गृहीत धरायची नाही, प्रत्यक्ष परिणाम पाहायचे. मग शब्दांचा अर्थ काय, हा वाद. "गाडीला विचारा" म्हणजे चोरी केलीच असं म्हणणं, की चोरीचा वाजवी संशय आहे असं म्हणणं, की चौकशी व्हावी एवढंच? इंग्लंडच्या कोर्टात या तीन पायऱ्या वेगवेगळ्या धरतात आणि बचाव कितपत सोपा ते त्यावर ठरतं. त्यानंतर बचाव: मजकूर खरा आहे, ते प्रामाणिक मत आहे, ते लोकहितासाठी छापलं. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा माणसाला साक्षीला उभं केल्याशिवाय सुटत नाही. २०१३ च्या कायद्याआधी तर अशा दाव्यांत ज्यूरी मागण्याचा हक्क होता आणि समरी जजमेंट मिळणं फार कठीण होतं. आता न्यायाधीश एकटे ऐकतात, त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली, पण वादीने समोरच्याचा सगळा बचाव एका दुपारी उडवून लावावा इतकी ती सोपी नाही. आपल्याला आपलं म्हणणं ढळढळीत खरं वाटत असतं, कारण बोल आपल्याला लागलेला असतो. न्यायाधीशांना तो लागलेला नसतो.

म्हणून असे अर्ज बरेचदा वाटेत सोडून द्यावे लागतात. सोडावे लागणं यात कमीपणा नाही. उलट चुकीचा अर्ज लवकर सोडणारा माणूस शहाणा. नुकसान होतं ते सोडण्याच्या पद्धतीने आणि वेळेने.

खर्चाचा मूळ नियम साधा आहे: जो हरला त्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा. कोर्टाला यात बदल करण्याची मुभा आहे, दोन्ही पक्ष कसे वागले हे पाहिलं जातं, पण सुरुवात इथूनच होते. पूर्ण दावा सोडून दिला तर ३८व्या भागातला नियम लागतो आणि दावा सोडणाऱ्याने त्या दिवसापर्यंतचा समोरच्याचा खर्च देणं हे ठरलेलंच असतं, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर. नुसता अर्ज सोडला तर हा भाग लागत नाही, प्रश्न न्यायाधीशांच्या विवेकावर जातो. पण त्यांचा विचार साधारण असाच चालतो: तुम्ही समोरच्याला या अर्जासाठी वकील लावायला लावलात, त्याने पैसे घातले, आता तुम्ही म्हणता नको. मग ते पैसे त्याने का सोसावे? काकांच्या बाबतीत हेच झालं. त्यांचा मूळ दावा अजून उभा आहे, तो ते जिंकूही शकतील. पण या अर्जाचे पैसे त्यांना आत्ताच भरावे लागतात. इंग्लंडमध्ये अर्जागणिक हिशोब होतो आणि तो जागच्या जागी वसूल होतो. मुदतीत दिले नाहीत तर १८३८ च्या जजमेंट्स ॲक्टप्रमाणे वर्षाला ८ टक्के व्याज चढतं. वर समोरचा कोर्टाला म्हणू शकतो की पैसे भरेपर्यंत यांचा दावा पुढे चालवू नका.

इथे एक अपवाद आहे आणि तो अर्ज सोडणाऱ्याच्या बाजूचा आहे. अर्ज का सोडला हे कोर्ट बघतं. समजा तुमचा अर्ज आल्यावर समोरच्याने घाईघाईने कैफियत बदलली, पोकळ मुद्दे काढून टाकले, नवे नीट मांडले, आणि म्हणून तुमच्या अर्जाला काम उरलं नाही. मग तुमचा अर्ज फुकट गेला असं म्हणता येत नाही. त्याने जे साधायचं ते साधलं. अशा वेळी तुमचाच खर्च समोरच्याने द्यावा असं मागता येतं, निदान कुणीच कुणाला काही देऊ नये एवढं तरी मिळू शकतं. पण हे सांगावं लागतं, त्याच वेळी, पत्रात, तारखा देऊन. काकांसारखा एका ओळीचा ईमेल पाठवला तर न्यायाधीशांसमोर फक्त माघार दिसते, तिच्यामागचं कारण दिसत नाही.

आता बिलाकडे या, कारण लोक घाबरतात ते याच कागदाला आणि न वाचताच बाजूला ठेवतात. एक दिवसापर्यंतच्या सुनावणीचा खर्च न्यायाधीश तिथल्या तिथे ठरवतात. त्यासाठी दोन्ही बाजूंनी एन-२६० नावाचा तक्ता सुनावणीच्या किमान २४ तास आधी द्यायचा असतो. वर वकिलांच्या श्रेणी आणि ताशी दर. आठ वर्षांहून जास्त अनुभवाचा सॉलिसिटर 'ए' श्रेणीत, नवखा 'सी' मध्ये, प्रशिक्षणार्थी 'डी' मध्ये. मग तास: अशिलाशी बोलण्यात किती, समोरच्या वकिलाशी पत्रव्यवहारात किती, कागदपत्रांवर किती, सुनावणीला किती. कागदपत्रांचं वेगळं परिशिष्ट असतं आणि चोरवाटा तिथेच असतात. मग बॅरिस्टरची फी. खाली व्हॅट. शेवटी सॉलिसिटरची सही: अशील जेवढं देणं लागतो त्याहून जास्त यात मागितलेलं नाही.

उदाहरणादाखल २०२४ चे मार्गदर्शक दर घेऊ. मध्य लंडनच्या साध्या कामासाठी 'ए' श्रेणी ताशी ३९८ पौंड, 'सी' श्रेणी २६० पौंड. (बड्या व्यापारी कामाच्या फर्मसाठी 'ए' चा दर ५४६ पौंड होता.) वरिष्ठाने ६ तास दिले: २,३८८ पौंड. कनिष्ठाने १४ तास: ३,६४० पौंड. बॅरिस्टरची फी ५,००० धरा. बेरीज ११,०२८. त्यावर २० टक्के व्हॅट, २,२०५.६०. एकूण १३,२३३.६० पौंड. पौंडाला शंभरच रुपये धरले तरी तेरा लाखांच्या वर. हे एका अर्जाचं, अर्ध्या दिवसाच्या सुनावणीचं, आणि सुनावणी झालीच नाही तरी यातलं बरंचसं लागतंच.

सुनावणी न होता कसं? बॅरिस्टरकडे कागद पोचले, ब्रीफ दिलं गेलं, की त्याची ब्रीफ फी बहुतेक वेळा देय होते. सुनावणी रद्द झाली तरी. म्हणून तारखा पाहा. अर्जाची नोटीस सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी द्यायची. समोरच्याने आपला लेखी पुरावा ७ दिवस आधी द्यायचा. तुम्ही त्याला उत्तर ३ दिवस आधी. तुम्ही समोरच्याचा पुरावा यायच्या आधी अर्ज सोडलात तर त्याचे वकिलाचे मोजके तास गेलेले असतात. पुरावा आल्या दिवशी सोडलात तर निवेदन लिहिण्याचा खर्च लागतो, पण कदाचित ब्रीफ अजून गेलेलं नसतं. दोन दिवस आधी सोडलात, काकांसारखं, तर सगळंच अंगावर येतं. समोरचा पुरावा हातात पडला की त्या रात्रीच तो वाचा. विश्वासाच्या माणसाला, शक्यतो सॉलिसिटरला, दुसऱ्या दिवशी दाखवा. एक आठवडा विचार करत बसण्याची किंमत ब्रीफ फीएवढी असते.

बिल आलं म्हणजे तेवढे सगळे द्यायचेच असंही नाही. साध्या पायावर खर्च ठरतो तेव्हा तो वाजवी आणि दाव्याच्या मानाने प्रमाणशीर असावा लागतो, शंका आली तर फायदा देणाऱ्याला. एका साध्या अर्जावर दोन सॉलिसिटर आणि एक प्रशिक्षणार्थी का? आपसात बोलण्याचेच चार तास का? मूळ कैफियत लिहिण्याचं काम या अर्जाच्या बिलात कसं आलं? हे प्रश्न काकाही विचारू शकत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की विचारता येतात. पण वागणं फार वाईट असेल, उदाहरणार्थ आधीपासून माहीत असूनही निव्वळ त्रास द्यायला अर्ज टाकला असेल, तर कोर्ट वरच्या पायावर, इंडेम्निटी बेसिसवर, खर्च लावतं. तिथे प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही आणि शंकेचा फायदा घेणाऱ्याला जातो.

आता दुसरी बाजू, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींवर दावा लागलेला असेल. समोरच्याने तुमच्याविरुद्धचा अर्ज मागे घेतला. तुम्हाला हायसं वाटतं. कोर्टाचा हुकूम येतो: अर्ज मागे घेतला, सुनावणी रद्द. त्यात खर्चाचा शब्द नाही. तुम्ही म्हणता, खटल्याच्या शेवटी सगळं एकदम मागू. नाही मागता येत. नियम ४४.१० सांगतो की हुकुमात खर्चाचा उल्लेख नसला तर त्या हुकुमापुरता कुणालाच खर्च मिळत नाही. माझ्याकडे अशीच एक बाई आली होती, घटस्फोटाच्या भांडणातून नणंदेने तिच्यावर दावा लावलेला. नणंदेने समरी जजमेंटचा अर्ज टाकला आणि आठवडाभराने सोडला. या बाईने त्या दिवसांत वकिलावर घातलेले पैसे कागदोपत्री सिद्ध होते, पावत्यांसकट. हुकुमात एक ओळ मागायची राहिली. मला ती फाइल हातात धरून बसल्याचं आठवतं. मी पुन्हा पुन्हा तो हुकूम वाचत होते की कुठेतरी ती ओळ सापडेल.

म्हणून समोरचा अर्ज मागे घेतो असं कळताच लगेच लिहा: माघारीला हरकत नाही, पण अर्जाचा आमचा खर्च द्यावा, रक्कम ठरली नाही तर कोर्टाने ठरवावी. सोबत एन-२६० जोडा. तुम्ही वकिलाशिवाय लढत असाल तरी तुमच्या वेळेचे काही पैसे मिळतात. कित्येक वर्षं हा दर ताशी १९ पौंडच होता, फार नाही, पण लिहून ठेवलेला तास असेल तरच. आणि हुकुमातले शब्द समजून घ्या. 'कॉस्ट्स इन द केस' म्हणजे शेवटी जो खटला जिंकेल त्याला या अर्जाचाही खर्च. 'कॉस्ट्स रिझर्व्ड' म्हणजे नंतर ठरवू. पुढे कुणीच काही ठरवलं नाही तर तो खटल्याच्या खर्चातच धरतात. 'नो ऑर्डर ॲज टू कॉस्ट्स' म्हणजे ज्याचं त्याने सोसायचं. या तीन शब्दांत कधी कधी दहा हजार पौंडांचा फरक असतो.

आणखी एक चूक फार महाग पडते. अर्ज सोडायचा असताना काही जण एन-२७९ भरून टाकतात. तो अर्ज सोडण्याचा फॉर्म नाही, आख्खा दावा सोडण्याचा आहे. तो भरला की वर सांगितलेला ३८व्या भागाचा नियम लागला आणि सगळ्या दाव्याचा खर्च मानेवर आला. नुसता अर्ज सोडायचा असेल तर तो एन-२७९ कपाटातच राहू द्या.

काकांनी फोनवर शेवटी विचारलं ते असं: "मी गावाला निघून गेलो तर?" हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात, कुणी थेट, कुणी आडून. सातारला घर आहे, पुण्यात फ्लॅट आहे, इंग्लंडचा हुकूम तिथे कोण बजावणार, असं वाटतं. बजावता येतो. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे युनायटेड किंगडम हे परस्पर मान्यतेचं राष्ट्र आहे. तिथल्या वरिष्ठ कोर्टाचा पैशाचा हुकूम भारतातल्या जिल्हा न्यायालयात दरखास्त लावून असा वसूल करता येतो जणू तो त्याच न्यायालयाने दिला आहे. आणि हे कुठे ठरलं? आपल्या नाशिकच्या एका प्रकरणात. नाशिकच्या एका कंपनीवर इंग्लंडमध्ये पेटंटचा दावा झाला. कंपनीने तिथे हद्दीचा मुद्दा काढला, तो फेटाळला गेला, आणि त्या मधल्या अर्जाच्या खर्चाचा हुकूम झाला. समोरच्याने तो हुकूम घेऊन नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त लावली. कंपनी म्हणाली, हा मूळ दाव्याचा निकाल नाही, नुसता खर्च आहे. प्रकरण भारताच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, खर्चाचा हुकूमही पैशाचाच हुकूम आहे, तो बजावता येईल. काकांना मी हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

आपल्याकडच्या दुसऱ्या एका समजुतीबद्दलही बोलते. भारतात अब्रुनुकसानी हा गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. त्यामुळे आपले लोक इथेही म्हणतात, पोलिसात जातो. इंग्लंडमध्ये गुन्ह्याच्या स्वरूपातली अब्रुनुकसानी २०१० पासून उरलेली नाही. इथे जे काही आहे ते दिवाणी, आणि दिवाणी म्हणजे खर्च. शिवाय लीगल एड यासाठी जवळजवळ नाहीच. मॅकडोनाल्ड्सविरुद्ध पत्रक वाटणाऱ्या हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस यांचा खटला ३१३ दिवस चालला, दोघं वकिलाशिवाय लढले, आणि २००५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हटलं की त्यांना मदत नाकारणं न्याय्य नव्हतं. तरीही आज सर्वसामान्य माणसाला या प्रकारात सरकारी मदत अगदी अपवादानेच मिळते. घराच्या विम्यातल्या कायदेशीर खर्चाच्या संरक्षणातही अब्रुनुकसानी अनेकदा वगळलेली असते. पॉलिसी काढून वाचा.

मोठ्या माणसांचे आकडे पाहिले की धडकी भरते. कोलीन रूनी यांनी २०१९ मध्ये इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकली. रिबेका वार्डी यांनी त्या पोस्टवरून दावा लावला आणि जुलै २०२२ मध्ये तो फेटाळला गेला. रूनींच्या खर्चापैकी ९० टक्के वार्डींनी द्यावा आणि त्यातले ८ लाख पौंड आधीच भरावेत असा हुकूम झाला. एका पोस्टपायी. आपलं भांडण मंडळाच्या ग्रुपवरचं असेल, पण वकिलाचा ताशी दर त्याने कमी होत नाही.

मग बोल लागलेल्या माणसाने काय करावं? गप्प बसावं असं मी मुळीच म्हणत नाही. नाव हीच माणसाची कमाई आणि ती जपण्याचा हक्क आहे. पण मुदत एका वर्षाची आहे, तेवढ्यात आधी पत्र. मीडिया आणि कम्युनिकेशन दाव्यांसाठी दाव्याआधीच्या पत्रव्यवहाराचा ठरलेला शिरस्ता आहे. नेमके शब्द, त्यांचा तुम्ही घेतलेला अर्थ, झालेली हानी आणि तुम्हाला काय हवंय ते लिहा. बऱ्याच लोकांना हवी असते फक्त दुरुस्ती आणि माफी, त्याच ग्रुपवर, त्याच दीडशे माणसांसमोर. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनीही लक्षात ठेवावं: १९९६ च्या डिफेमेशन ॲक्टमध्ये 'ऑफर ऑफ अमेंड्स'ची सोय आहे. कैफियत दाखल करण्याआधी लेखी देऊ करायचं की दुरुस्ती छापतो, माफी मागतो, वाजवी भरपाई आणि खर्च देतो. ती स्वीकारली की दावा संपतो. आणि खटल्यात गेलातच, तर समरी जजमेंटच्या मागे लागण्याआधी शब्दांचा अर्थ काय एवढाच मुद्दा आधी ठरवून घ्या. तो पुष्कळदा सुनावणीशिवाय, कागदांवरच ठरतो, आणि अर्थ ठरला की अर्ध्याहून जास्त भांडण आपोआप आटोपतं.

पैशाची अडचण असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा, जवळचं लॉ सेंटर शोधा. 'अ‍ॅडव्होकेट' नावाची संस्था काही प्रकरणांत बॅरिस्टरची मदत विनामूल्य मिळवून देते. तिथे पोचायला वेळ लागतो म्हणून अर्जाच्या तारखेआधी जा.

आणि अर्ज टाकलाच असेल, आणि आता नको वाटत असेल, तर असं करा. कोर्टाला लिहिण्याआधी समोरच्या सॉलिसिटरला पत्र लिहा. वर इंग्रजीत ठेवायचे ते शब्द 'विदाउट प्रेज्युडिस सेव्ह ॲज टू कॉस्ट्स', म्हणजे खर्चाचा प्रश्न येईपर्यंत हे पत्र न्यायाधीशांना दाखवता येणार नाही, आणि आला की दाखवता येईल. पत्रात लिहा की अमुक तारखेचा अर्ज मी मागे घ्यायला तयार आहे, का ते दोन ओळींत. तुमच्या अशिलाच्या खर्चाची आजपर्यंतची आकडेवारी पाठवा. मी अमुक रक्कम देऊ करतो, किंवा अर्जाचा खर्च 'कॉस्ट्स इन द केस' ठेवावा असं सुचवतो. उत्तर अमुक दिवसापर्यंत द्या. जमलं तर दोघांच्या सहीने संमतीचा हुकूम तयार करा. त्यात तीन ओळी हव्यात: अर्ज मागे घेतला, अमुक तारखेची सुनावणी रद्द, आणि तिसरी खर्चाची, आकड्यासकट आणि किती दिवसांत द्यायचे त्यासकट. तिसरी ओळ कोरी असेल तर सही करू नका. काकांनी गेल्या महिन्यात दुसरा एक अर्ज सोडला, साक्षीदाराच्या वेळापत्रकाचा. या वेळी त्यांनी हुकुमाचा मसुदा मला आधी वाचून दाखवला, तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करून.